इथपर्यंत ऊती आहे

दादाचा फोन आला तेव्हा मी सुरतेत, कतारगामच्या लॅबमध्ये तपासणीच्या काचपट्ट्या रंगवत होते. "सुनंदा गेली," एवढंच तो म्हणाला. त्याच्या पाठीमागे कारखान्यातले कापडाचे लूम खडखडत होते.

सुनंदावहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या आदल्या वर्षी लग्न होऊन ती अमळनेरहून सुरतेला आली, बी.एस्सी.चं दुसरं वर्ष अर्धवट टाकून. पुढचं शिक्षण इथे पुरं करू द्यायचं असं बोलणीत ठरलं होतं. उधन्यात आमची एकच खोली, खाली लूमचा कारखाना. पायाखालची फरशी दिवसभर थरथरायची. कॉलेजचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. मी तेव्हा मराठी शाळेत दहावीला होते आणि पेशीची आकृती घोकत बसले होते. स्टोव्हपाशी कांदा चिरणाऱ्या वहिनीने त्याचा पातळ पापुद्रा सोलून खिडकीच्या उजेडात धरला. "यात खोल्याच खोल्या आहेत बघ." "आपल्या चाळीसारख्या?" मी विचारलं. "नाही गं. खोलीत जीव नसतो. पेशी जगते. खाते, श्वास घेते, वाढते, एकीच्या दोन होते." मग भाकरी थापता थापता तिने सगळं उलगडून सांगितलं. सारख्या पेशी एकमेकींना धरून एकाच कामाला लागल्या की ती ऊती, ऊतींचा अवयव, अवयवांची संस्था, आणि त्या सगळ्यांचा मिळून एक माणूस.

पुढे आमच्या शाळेत विज्ञान शिकवायला कुणी उरलं नाही, तेव्हा वहिनीने येऊन शिकवावं, हा हेडबाईंचा निरोप मीच घरी आणला. वहिनी थोडे दिवस गेली. घरी आली की भरभरून बोलायची. शाळेच्या कपाटात सूक्ष्मदर्शक आहे, कपाटाची किल्ली सोमवारी मिळणार आहे... कॉलेज सुटल्यापासून तिने त्यातून पाहिलं नव्हतं. आईने मात्र तिला दारातच अडवलं. "तू शाळामा जाशी, ते घर कोन देखी?" दादा खाली मान घालून जेवत राहिला. सोमवारी वहिनी घरीच होती. त्यानंतर आई बाजारात जाताना दाराला बाहेरून कडी घालू लागली, निमित्त चोरांचं. दादाला ते ठाऊक होतं. चाळीतल्या मुली मग गॅलरीत खिडकीला टेकून बसायच्या आणि गजांच्या आतून वहिनी त्यांना शिकवायची. मी आल्यावर कडी काढायची, तरी ती जागची हलायची नाही. "जाऊ कुठे, मंगल?" ती एकदा म्हणाली. "अमळनेरला गेले, तर बाबा पुढच्या गाडीने इथे आणून सोडतील."

वर्षं गेली. मी लॅब टेक्निशियनचा कोर्स केला, नोकरीला लागले. वहिनीच्या अंगावरून जात होतं, ते तिने कितीतरी महिने कुणाला सांगितलं नाही. शेवटी मीच तिला दवाखान्यात नेलं. तपासणीसाठी काढलेला तुकडा आमच्याच लॅबमध्ये आला. घरच्यांनी तिला साधी गाठ म्हणून सांगितलं होतं. तिने मला एवढंच विचारलं, "मला दाखवशील?"

आमच्या डॉक्टरांची परवानगी घेऊन एका दुपारी मी तिला लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं. तिने चष्मा काढला, डोळा लावला, आणि न विचारता स्वतःच चक्री फिरवून प्रतिमा स्पष्ट केली. हाताला सवय आठवली होती. "किती छान रंग चढलाय गं," ती म्हणाली. मग काचपट्टी हळूहळू सरकवत राहिली. "इथपर्यंत ऊती आहे, बघ. ओळीने, एकमेकींना धरून. इथून पुढे नुसत्या पेशी..." तिने मान वर केली नाही. "केंद्रकं केवढी मोठी झालीत. यांना थांबायचं कळतच नाहीये, मंगल." मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो बाजूला केला. "थांब, बघू दे मला."

ती गेल्यावर, परवा दादा लॅबमध्ये आला. शिफ्ट सोडून आला होता, केसांत धाग्यांचे तंतू तसेच. "तिने बघितलं ते मला दाखव," म्हणाला. मी काचपट्टी लावून दिली. त्याला डोळा कसा लावायचा तेही जमेना, मी त्याचं डोकं धरून नीट केलं. गुलाबी-जांभळ्या त्या पसाऱ्यावरून तो कितीतरी वेळ नजर फिरवत राहिला.

"यात सुनंदा कुठे आहे?" त्याने विचारलं.