आईच्या ट्रकचा हिरवा

नाशिकला इंदिरानगरच्या पुढे आमचं गॅरेज आहे. पत्र्याचं काम नवरा बघतो आणि रंगाचं मी. ठोकून, जोडून गाडी आकाराला आणायची त्यानं आणि रंग जुळवायचा मी, अशी आमची वाटणी. एका दारावर ओरखडा उठला तर तेवढंच दार रंगवायचं, आणि कुठलं दार रंगवलं ते गाडीच्या मालकालाही सांगता येऊ नये, यात माझं कसब. या कामात माझा हात धरणारं आमच्या भागात कुणी नाही, हे मी बिनदिक्कत सांगते. त्यामुळेच आईच्या ट्रकनं मला जो घाम फोडला, तो सांगण्यासारखा आहे.

ट्रक पिंपळगाव बसवंतला, आमच्या द्राक्षबागेच्या कडेला कांदाचाळीमागे उभा होता. लहानसा, गोल नाकाचा, फार जुना. वडिलांना एका डोळ्यानं दिसेनासं झालं तेव्हा बाग त्यांनी सांभाळली आणि गाडी आईनं हातात घेतली. द्राक्षांचे क्रेट भरायचे, बाजारात न्यायचे, रिकामी गाडी घेऊन परत यायचं. पदर खोचून स्टिअरिंगवर बसलेली आई मला इतकी सवयीची होती, की बाकीच्या मुलींच्या आया ट्रक चालवत नाहीत हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

वडील गेले, आईचे गुडघे दुखायला लागले, आणि ट्रक गंजत पडला. त्याचा हॉट रॉड करायचं नवऱ्याच्या मनानं घेतलं. त्यानं आईला समजावून सांगितलं, "बॉडी जुनीच ठेवायची. केबिनचा वरचा टप कापून बुटका करायचा, गाडी जमिनीलगत आणायची, रुंद चाकं लावायची आणि आत दणकट इंजिन बसवायचं."

"मग माल किती बसेल?" आईनं विचारलं.

"माल नाही, आई. ही हौसेची गाडी. प्रदर्शनात ठेवायची."

आईनं ट्रककडे बघून घेतलं. "करा. पण रंग माझाच पाहिजे."

ट्रक आम्ही गॅरेजला आणला. वरचा रंग उन्हानं पार विटून राखाडी झाला होता. कधीकाळी तो निळा होता. तो वडिलांनी शेवटी शेवटी गॅरेजमधून मारून घेतलेला, हे मला माहीत होतं. पण माझ्या लहानपणचा ट्रक हिरवा होता. तोच आईचा रंग, यात मला शंका नव्हती. रंग मोजायचं यंत्र विटलेल्या पत्र्यावर उपयोगाचं नसतं. ते विटलेलाच रंग सांगतं. अशा वेळी ऊन न लागलेली जागा शोधावी लागते. मी डॅशबोर्ड उतरवला. त्याच्या मागे तळहाताएवढा हिरवा तुकडा काल मारल्यासारखा ताजा होता. मला कोण आनंद झाला! चार-पाच वेळा मिश्रण बदलून, पत्र्याच्या तुकड्यावर मारून, सकाळच्या उन्हात आणि सावलीत ताडून मी तो असा जुळवला की नवरा म्हणाला, "आता यात खोट काढायला देवच यायला हवा."

देव नाही, आई आली. तुकडा हातात घेऊन म्हणाली, "हा नाही."

"आई, तुझ्याच गाडीतून घेतलाय!"

"माझ्या गाडीतून घेतलास, पण हा शेटजींचा रंग आहे."

मग तिनं जे सांगितलं ते मी पहिल्यांदाच ऐकत होते. ट्रक आम्ही एका व्यापाऱ्याकडून जुना घेतला होता. आई माल घेऊन बाजारात गेली की लोक म्हणायचे, "शेटजींची गाडी आली." गाडी आईच्या हातात, माल आमच्या बागेतला, तरी नाव शेटजींचं. पहिला हंगाम आईनं ते ऐकून घेतलं. हंगाम संपल्यावर मात्र तिनं स्वतः ब्रश घेऊन अख्खा ट्रक बाहेरून रंगवून काढला. खिडक्यांना मारून उरलेला हिरवा, चुन्यासारखा पांढरा, आणि बैलांच्या शिंगांसाठी पोळ्याला आणलेला निळा. एका बादलीत सगळं कालवलं.

"मग काय म्हणायला लागले?" मी विचारलं.

"बाईंची गाडी," आई म्हणाली. ते म्हणताना तिचा आवाज बदलला नाही, पण मान ताठ झाली.

मी दाराचा पत्रा पाणीपेपरनं हळूहळू, तिरका घासायला घेतला. असं घासलं की रंगांचे थर एकाभोवती एक कडी करून दिसतात. बाहेर विटलेला निळा, मधोमध शेटजींचा गडद हिरवा आणि त्या दोघांच्या मध्ये नखाएवढी अरुंद फिकट कडी. आईनं तिच्यावर बोट ठेवलं. "हा. पण इतका पिवळट नव्हता. म्हातारा झालाय."

ती बरोबर बोलत होती. जुना ऑइल पेंट अंधारात दाबला गेला की पिवळा पडतो. त्याला परत उजेड दाखवला तर तो बराचसा पूर्ववत होतो. मी निळा थर जपून काढत ती कडी ओंजळीएवढी केली आणि दार गॅरेजच्या गच्चीवर उन्हात टेकवून ठेवलं. रोज दुपारी बघायला जायचे. आठवडाभरात पिवळटपणा उतरला आणि खालून एक थंड, निळसर हिरवा वर आला. बागेत मोरचूद-चुन्याच्या बोर्डोची फवारणी झाल्यावर पानांवर जी झाक राहते, अगदी तशी. रंगांच्या कुठल्याही कार्डावर तो नव्हता. असणार कसा? तो एका बादलीत, एकाच दुपारी तयार झाला होता.

यंत्र मी बाजूला ठेवलं. आईच्याच बादलीप्रमाणे सुरुवात केली: हिरवा, पांढरा, निळा. पहिला हात फार उजळ आला, मग किंचित काळा घातला, मग निळा थेंबाथेंबानं वाढवला. शेवटचा तुकडा सुकल्यावर मी तो दारावरच्या जुन्या रंगाला लावून धरला. दोघांमधली रेघ नाहीशी झाली. आईला बोलावलं. तिनं उन्हात पाहिलं, छत्रीच्या सावलीत पाहिलं, आणि तुकडा मला परत देत म्हणाली, "आता मार."

माझ्या कामाची स्तुती करणारी पुष्कळ माणसं भेटलीत. पण त्या दोन शब्दांनी छाती जितकी फुगली, तितकी कशानंच फुगली नाही. आणि त्याहून जास्त अभिमान मला त्या बादलीचा वाटत होता.

ट्रक तयार झाला तेव्हा बुटका, रुंद, दमदार दिसत होता. शहरातल्या एका मैदानावर हौशी लोक जुन्या गाड्या मांडणार होते, तिथे आम्ही तो ट्रेलरवर चढवून नेला. आई सोबत होती. नेमून दिलेली जागा दोन महागड्या गाड्यांच्या मधोमध, जेमतेम बसेल एवढी. नवरा मागे घ्यायला लागला. टप कापल्यामुळे मागची काच चिंचोळी झाली होती, त्याला काही दिसेना. पुढे-मागे करता करता गर्दी जमली आणि तो घामाघूम झाला.

"उतरा जावईबापू," आई म्हणाली.

गुडघ्यावर हात ठेवून ती आत चढली, पदर खोचला, खिडकीतून अर्धी बाहेर वाकली, आणि एका दमात ट्रक त्या फटीत सरळ नेऊन लावला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक तरुण पुढे होऊन म्हणाला, "आजी, भीती नाही वाटली?"

"कसली भीती? ब्रेक चांगले आहेत." मग खाली उतरून, मागचं चाक किती अंतरावर थांबलंय ते वाकून बघत ती आमच्याकडे वळली. "आरसे मात्र फार लहान लावलेत तुम्ही. बदलून घ्या."