बंद टीव्हीच्या काचेत

मुलांनो, तुम्ही पाठवलेल्या टॅबवर मी रोज मालिका पाहते. आजोबांच्या वाचनात व्यत्यय नको, म्हणून कानात इअरफोन घालते. केबल मीच बंद करवली. आता ती लागतेच कुठे, म्हटलं.

काल सहज मान वर केली, तर बंद टीव्हीच्या काळ्या काचेत आम्ही दोघं दिसलो. मी टॅबवर वाकलेली, आणि आजोबा पुस्तक मिटून माझ्या तोंडाकडे पाहत बसलेले.

मी कान मोकळे केले. "काय हो?"

"काही नाही. हसलीस, म्हणून." मग पुस्तक बाजूला ठेवत म्हणाले, "त्या मालिकेतल्या धाकटीचं लग्न झालं का गं शेवटी?"

केबल होती तेव्हा रोज शेजारी बसून माझ्या मालिकेला नावं ठेवणारा हा माणूस! धाकटीचं मूल आता शाळेत जातं, आणि मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं.