कोवळं ऊन आणि चुना

बाळांनो,

गेल्या रविवारी धाकटीने फोनवर सांगितलं की तुम्ही तिकडे लेपर्ड गेकोचं, त्या ठिपकेवाल्या पाळीव पालीचं, नवीन पिल्लू आणणार आहात. म्हणून हे आत्ताच लिहिते. लातूरचं घर बंद करून परदेशी जाताना तुम्ही तुमची दोन पिल्लं माझ्याकडे नांदेडला ठेवून गेलात. त्यातलं छोटं आजारी पडलं आणि शांतपणे गेलं, असं मी तुम्हाला सांगितलं होतं. आजारी पडलं हे खरं. शांतपणे गेलं हे खोटं. थोरला आता समजण्याच्या वयाचा आहे, आणि धाकटी मला कधीतरी विचारणारच. शिवाय नवीन जीव घरात येण्याआधी माझी चूक तुम्हाला माहीत असायला हवी.

तुम्ही इंग्रजीत लिहून दिलेला कागद मी काचेच्या पेटीवर चिकटवला होता. किती आळ्या, किती रातकिडे, पाणी कधी बदलायचं, सगळं. मी वही ठेवली. मसाल्याच्या काट्यावर दर सोमवारी दोघांचं वजन करायचे. आळ्यांवर भुरभुरायच्या भुकटीच्या दोन डब्या होत्या, एक साध्या कॅल्शियमची आणि एक डी-थ्री जीवनसत्त्व घातलेली. दुसरी डबी महिन्याभरात संपली. मी ती मागवली नाही. मनात म्हटलं, डी म्हणजे ऊन, आणि नांदेडात उन्हाला काय तोटा? तुम्हा दोघांनाही मी तेल लावून सकाळच्या कोवळ्या उन्हात पायांवर निजवलं आहे. तुमची हाडं तशीच घट्ट झाली. मग मी पेटी पूर्वेच्या खिडकीशी सरकवली. मांजर येतं म्हणून खिडकीची काच मात्र लावलेली. रोज सकाळी दोघं उन्हाच्या पट्ट्यात पडून राहायची आणि मला फार बरं वाटायचं.

तीन महिन्यांनी छोटं पोट घासत चालू लागलं. पुढचे पाय कोपरात बाहेर वळले. आळी तोंडात धरली की खालचा जबडा रबरासारखा वाकायचा आणि आळी सुटून जायची. त्याची बोटं आपोआप थरथरायची. वजन उतरत होतं. पुढच्या सोमवारी मी त्याला नेहमीसारखं अंगठा आणि बोट लावून उचललं, तेव्हा माझ्या बोटांखाली काहीतरी मोडलं. आवाज अगदी बारीक होता, वाळलेली काडी मोडावी तसा. त्याच्या मागच्या मांडीचं हाड होतं ते. त्याने तोंड उघडलं, पण आवाज काढला नाही. मी त्याला काट्यावर ठेवलं आणि वहीत वजन लिहिलं. मोडलेल्या पायाचं काय करायचं ते मला सुचेना, वजन लिहिणं तेवढं येत होतं.

त्याच आठवड्यात माझे धाकटे दीर अहमदपूरहून आले. त्यांना तुम्ही पाहिलंय, मिशा रंगवणारे आजोबा. दोन वर्षांपूर्वी खुब्याचं हाड मोडल्यापासून ते जाड काठी घेऊन चालतात. पेटीत डोकावून ते दोन पावलं मागे सरले.

"वहिनी, हे घरात ठिवलंय तुम्ही? अंगावर ठिपके बघा की. ह्याची फुंक लागली तरी माणूस जाग्यावर आडवा व्हतो."

"भाऊजी, विष नसतं त्याला. त्याचीच हाडं मोडून राहिलीत."

"हाडाचं हाय व्हय?" लगेच त्यांचा सूर बदलला. "मग चुना द्या की! मी काय खातो रोज? गव्हाच्या दाण्याएवढा, ताकातून. डॉक्टर म्हणला व्हता वर्षभर उठायचं न्हाई. आन आता बघा."

"ते माणसांचं झालं."

"हाड ते हाडच असतंय. एवढं शिकलात तुम्ही, खामखा वाद घालून राहिलात."

गव्हाच्या दाण्याएवढा चुना आपल्याकडे कुणी खाल्लेला नाही? माझ्या सासूबाईंनी मला दोन्ही बाळंतपणांत दिला. तुमच्या आईलाही मी दिला. चुना म्हणजे कॅल्शियम, एवढं मलाही माहीत होतं. ते मोडलेलं हाड मला काही केल्या जोडायचं होतं. दिरांनी तंबाखूच्या चंचीतून चुन्याची डबी काढून पुढे केली आणि मी ती घेतली. एक आळी चुन्यात टेकवली. छोट्याला टेबलावर घेतलं, त्याचा मऊ जबडा नखाने उघडला आणि आळी आत ठेवली.

क्षणभर काही झालं नाही. मग त्याचं सगळं अंग कमानीसारखं वर उचललं गेलं. तोंडातून पांढरा फेस आला, त्यात रक्ताची रेघ होती. ते टेबलावर आपटत, लोळत राहिलं, आणि त्या आपटण्यात मोडका पाय उलटा फिरला. मी पाण्याचा थेंब सोडायला वाटी उचलते तोवर त्याची शेपटी तुटून पडली. घाबरलं की ही पिल्लं शेपटी टाकतात, हे तुमच्याच कागदावर होतं. शेपटी एकटीच टेबलावर उड्या मारायला लागली.

"सरका वहिनी! इख टाकतंय ते!"

मी सरकले नाही. काठी माझ्या कानाजवळून खाली आली. पहिला घाव शेपटीवर बसला, दुसरा पिल्लावर. तिसऱ्याची गरज नव्हती, तरी त्यांनी तो घातला. टेबलाच्या लाकडात खड्डा पडला आणि माझ्या चष्म्यावर ओलं काहीतरी उडालं. मग ते पेटीकडे वळले. आत मोठं होतं, दगडाखाली दबून. पहिल्या फटक्यात पेटीची बाजूची काच तडकली.

मी काठी मधोमध धरली, ओढून घेतली आणि तीच त्यांच्या हातावर मारली. एकदा नाही, दोनदा. दुसऱ्यांदा मारताना मला पुरतं भान होतं. चाळीस वर्षं ज्यांना मी भाऊजी म्हणत आले, त्यांचं मनगट माझ्यासमोर सुजत गेलं.

"पालीपायी दिराला मारलं तुम्ही?"

"हो, मारलं. पेटीला हात लावलात तर परत मारीन."

"इंग्रजी शिकून हे शिकलात व्हय?"

काठी परत न मागताच ते भिंतीला धरून जिना उतरले. दिवाळीला आले नाहीत. पण बाळांनो, सगळं त्यांच्यावर टाकू नका. त्यांनी मारलं, त्याआधी मी त्याला आतून जाळलं होतं.

आता मोठं राहिलं होतं, आणि त्याचे पाय बाहेर वळायला लागले होते. तुमच्या लातूरच्या शेजारणीने एका तरुण डॉक्टरीणबाईंचं नाव सांगितलं. गाई-म्हशींच्या डॉक्टर, पण सरपटणाऱ्या प्राण्यांचंही शिकलेल्या. दुसऱ्याच सकाळी भोकं पाडलेल्या डब्यात कापूस भरून मी मोठ्याला एसटीने लातूरला घेऊन निघाले. प्रत्येक खड्ड्याला डबा हातांवर उचलून धरायचा, म्हणजे धक्का माझ्या खांद्यांना बसेल. अहमदपूरला एक दांडगा माणूस शेजारी बसला. भोकातून त्याला ठिपके दिसले.

"मावशे, काय हाय ह्यात?"

"नातवंडांचं पाळीव आहे. आजारी आहे."

"पाल हाय! फेका खिडकीतून!" त्याने डबा खेचला. मी सोडला नाही. त्याने माझी बोटं एकेक करून उकलायला सुरुवात केली, तेव्हा मी त्याच्या हाताला चावले. हो, तुमची आजी चावली. कंडक्टर ओरडत आला, माणसाचा हात पाहिला, मला पाहिलं आणि त्यालाच मागच्या सीटवर पाठवलं. "म्हातारीच्या नादी लागू नगंस बाबा," म्हणाला. चाकूरपर्यंत सगळी बस माझ्याकडे पाहत होती.

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे दाखवला. निरोगी हाड पांढरं दिसतं म्हणाल्या, ह्याची हाडं धुरासारखी होती. पाठीच्या मणक्यात जुनी मोड होती आणि पुढच्या एका पायात नवी. ती एसटीत मोडली की ओढाताणीत, मी विचारलं नाही. खिडकीतल्या उन्हाचं मी सांगितलं, तेव्हा त्यांनी एक्स-रे खाली ठेवला.

"आजी, काचेतून ऊब येते, उजेड येतो. पण हाडाला जे लागतं ते काच अडवते. आणि ही पिल्लं तशीही डी-थ्री खाण्यातूनच घेतात. ती डबी बंद करायची नव्हती."

मग म्हणाल्या, एक सुई देऊन त्रास संपवता येईल. किंवा रोज तोंड उघडून औषध घालायचं, दोन महिने, आणि दर वेळी जबडा मोडायची भीती. "तुम्ही ठरवा."

मी औषध निवडलं. दोन महिने रोज सकाळी मी त्याला ओल्या फडक्यात गुंडाळायचे, गवताच्या पात्याने ओठाची कड उघडायचे आणि थेंब सोडायचे. ते धडपडायचं, अंगठ्याला चावायचं, आणि चावता चावता जबडा वाकायचा. पाचव्या दिवशी उजवीकडे काहीतरी मोडल्याचं मला जाणवलं. तरीही मी थेंब घातला. हात थांबवला असता तर दुसऱ्या दिवशी मला तो जबडा परत उघडायचा धीर झाला नसता. सहाव्या आठवड्यात चावलं तेव्हा पहिल्यांदा माझ्या अंगठ्यातून रक्त आलं. मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, म्हणजे जबडा कडक झाला.

तुमच्या नवीन पिल्लासाठी दोन्ही डब्या ठेवा. डी-थ्रीची संपायच्या आधी दुसरी आणा. माझा तुम्हाला एवढाच उपदेश आहे.

छोट्याला मी अंगणात कडुनिंबाखाली पुरलं. मोठं जिवंत आहे. त्याचा जबडा डावीकडे वळलेला आहे, पुढचे पाय कधीच सरळ झाले नाहीत आणि पाठीवर एक गाठ आहे. शिकार पकडता येत नाही, म्हणून मी चिमट्याने आळी धरते, आणि ते खातं.