मधल्या चित्रातला जोड

आमच्या घरात रेडिओ बिघडला की सगळे माझ्याकडे बघतात आणि मला जांभई येते. उमेदीची सगळी वर्षं मी भिंगातून रेडिओचं पोट बघण्यात घालवली. आता पाठीमागचं झाकण नुसतं उघडलं तरी डोळे आपोआप मिटायला लागतात. मुलं पाहुण्यांना सांगतात, "बाबा इंजिनियर होते." नव्हतो. मी इन्स्पेक्टर होतो, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामाला नावं ठेवण्याचा पगार घेत होतो. ही नोकरी मला माझ्या साडूंनी लावून दिली, तेव्हा त्या थकव्याचं निम्मं श्रेय त्यांचं.

ते साठ सालानंतरचे दिवस. यशवंतपूरच्या पुढे एका कारखान्यात रेडिओच्या आतले बोर्ड तयार व्हायचे. साडू आणि मी दोघेही तिथे इन्स्पेक्टर. राहायला आम्ही शहरात, एका वठारात. मधे अंगण, अंगणात एक नळ आणि त्या नळाभोवती ओळीनं चिकटलेली घरं. साडूंचं आणि माझं घर शेजारी, मधे एकच भिंत. ही सोय दोघी बहिणींनी ठरवून करून घेतलेली. अक्काला, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला, भिंतीवर थाप मारून मीठ मागता यायचं. आम्हा दोघांचा फायदा एवढाच, की कारखान्यातलं भांडण वाटेत न सांडता घरी आणता यायचं.

भांडण कशावरून, तर जोड केवढा असावा यावरून. बोर्डाच्या भोकातून तारेचं टोक वर आलेलं असतं. त्याच्याभोवती तापलेल्या सोल्डरिंग आयर्ननं सोल्डर, म्हणजे शिसं-कथलाची तार, वितळवून बसवायचं, की झाला जोड. एका बोर्डावर असे ढीगभर जोड. मला जोड आवडायचा भरलेला, गोल, चकचकीत, भातावरच्या सढळ तुपासारखा. आमचे वडील शिंपी. दोरा वाचवून घातलेली शिवण त्यांच्या लेखी चोरी होती आणि तोच न्याय मी सोल्डरला लावला. साडूंना जोड हवा बारीक, असून नसल्यासारखा. त्यांच्या घरच्या कॉफीत दूध असायचं तसा.

"तुम्ही पास केलेला बोर्ड बघितला, की मला तुमचं पोट आठवतं," साडू म्हणायचे.

"आणि तुमचा बघितला की मला तुमच्याकडची कॉफी," मी म्हणायचो.

"कॉफीचं काढू नका हं," भिंतीपलीकडून अक्का.

इतपत चाललं असतं. घरोघरी साडू असेच बोलतात. पण मधे माझी धाकटी बहीण होती.

ती त्याच कारखान्यात सोल्डरिंगला लागली होती, प्रोबेशनवर. तिनं लहानपणापासून एकच काम केलेलं. वडील शर्ट शिवायचे आणि ती काजं करायची. दुकानाच्या फळीवर बसून, मान खाली घालून, काज, काज आणि काज. वडिलांची नजर गेली, दुकान बंद झालं, तरी ओळखीची गिऱ्हाइकं घरी शर्ट आणून टाकायची आणि ही काजं करत राहायची. कारखान्यात घेतलं त्या दिवशी तिनं काज कापायची कात्री कपाटावर फेकली आणि म्हणाली, "अण्णा, मी कायम झाले नाही, तर ही परत खाली काढावी लागेल. तुझ्या मुलीच्या लग्नापर्यंत मी काजंच करत बसेन." मला तेव्हा मुलगी नव्हती. पण मला कळलं.

बायका दिवसभराच्या पाळीत असायच्या. आमच्या मात्र दोन पाळ्या. एक जण सकाळी, दुसरा दुपारच्या भोंग्यानंतर आणि दर आठवड्याला अदलाबदल. म्हणजे धाकटीचं काम सकाळी एकाच्या भिंगाखाली, दुपारी दुसऱ्याच्या. आपला भाऊ आणि भावाचा साडू, दोघंही तपासणारे, म्हणून लोकांना वाटायचं हिची चैन आहे. चैन कसली? बोर्डावर करणाऱ्याचा नंबर असतो. साडूंनी परत पाठवलेले तिच्याच नावावर चढायचे आणि मी परत पाठवलेलेही तिच्याच. परत गेलेला बोर्ड पुढच्या पाळीचा इन्स्पेक्टर पुन्हा बघायचा.

एकदा जेवताना तिनं विचारलंच, "अण्णा, स्वल्प, जरा नीट सांगशील? सोल्डर किती घालू?"

"भरपूर," मी म्हणालो. "हात आखडू नकोस."

भिंतीपलीकडून साडूंचा आवाज आला, "कमी घाल ग! शिसं काय तुझ्या अण्णाच्या बापाचं आहे?"

आमचे वडील तिथेच जेवत होते. ते म्हणाले, "माझं काय नाव घेताय? मला दिसत नाही, ऐकू येतं."

धाकटीनं ताट उचललं. ती तशीही संध्याकाळी फार बोलायची नाही. कारखान्याच्या बसमधून उतरली, की डोळे चोळत नळावर जायची आणि नळाचं पाणी जाईपर्यंत हात त्या धारेखाली धरून उभी राहायची. माझी बायको म्हणायची, "तिला जरा सांगा हो, घागर भरायची आहे." मी सांगायचो नाही. माझीही तीच गत असायची, फक्त खाटेवर.

प्रोबेशन संपत आलं तेव्हा ऑफिसातून निरोप आला, की या नंबराचे बोर्ड फार परत येतात, कायम करायचं की नाही ते मॅनेजरांनी ठरवावं. मॅनेजरांनी आम्हा दोघांना बोलावलं. शांत गृहस्थ. दिवसभर कुणाचं ना कुणाचं ऐकून चेहरा धुतलेल्या कपड्यासारखा झालेला. टेबलावर धाकटीनं केलेले बोर्ड मांडून ठेवले होते. त्यांनी एक उचलून मला दिला.

"उत्तम," मी म्हणालो.

साडूंनी तो माझ्या हातातून घेतला. "सर, हा रद्द. अर्ध्या रेडिओचं सोल्डर या एका जोडातच गेलं."

मॅनेजरांनी दुसरा उचलला. साडू म्हणाले, "सुंदर." मी म्हणालो, "सर, फुंकर मारा, तार बाहेर येईल."

मॅनेजरांनी चष्मा काढला, डोळे दाबले आणि कन्नडमध्ये विचारलं, "तुम्ही दोघं एकाच घरात राहता ना?"

"मधे भिंत आहे, सर," साडू म्हणाले.

मग त्यांनी खणातून एक पातळ पुस्तक काढलं. कव्हरावर धूळ नव्हती, पण उघडलंही गेलेलं दिसत नव्हतं. ते म्हणाले, परदेशात बोर्ड तयार करणाऱ्या कारखानदारांचा एक संघ आहे. आपणही वर्गणी भरतो, म्हणून हे आलं. त्या संघातले कारखाने एरवी एकमेकांची गिऱ्हाइकं पळवतात. पण मधून मधून एका खोलीत बसतात, टेबलावर जोडांचे फोटो पसरतात आणि चांगला कशाला म्हणायचं यावर भांडतात. सगळ्यांचं एकमत झालं, की छापतात. मग विकणारा आणि घेणारा, दोघं एकाच चित्राकडे बघून बोलतात.

"एकमत होतं?" साडूंनी विचारलं.

"वेळ लागतो म्हणे. पण होतं."

मला पहिला विचार आला तो असा, की त्या संघात कुणी कुणाचे साडू नसावेत.

त्यांनी पान उघडून आमच्यासमोर ठेवलं. वर एक फोटो. सोल्डर उताराला लागल्यासारखं खाली सरकलेलं, त्यातून तारेचा आकार स्पष्ट दिसणारा. खाली इंग्रजीत लिहिलेलं, थोडक्यात, असा असावा. त्याच्याखाली मधला फोटो. तितका देखणा नाही, जरा जास्त किंवा जरा कमी, पण तार धरलेली. खाली लिहिलेलं, असा चालेल. आणि सगळ्यात खाली शेजारी शेजारी दोन फोटो, असा नको. डावीकडचा जोड भरलेला, गोल, चकचकीत. उजवीकडचा बारीक, असून नसल्यासारखा.

आम्ही दोघंही वाकून बघत होतो. मी डावीकडच्याकडे बघत होतो आणि तेही डावीकडच्याकडेच. मग त्यांची नजर उजवीकडे गेली तेव्हा मी त्यांच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आम्ही दोघं एकाच ओळीत आलो होतो, आणि ती ओळ सगळ्यात खालची होती.

"तारेचा आकार दिसत नसेल, तर आत पकडलंय की नाही कसं कळणार?" मॅनेजर मला म्हणाले. मग साडूंकडे वळले. "आणि पकडायला काही नसेल, तर दिसून काय उपयोग?"

त्यांनी धाकटीला बोलावणं पाठवलं. ती पदर खोचूनच आली. तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं, की तिनं कपाटावरची कात्री मनातल्या मनात केव्हाच खाली काढली आहे. मॅनेजर भिंग आणि पुस्तक घेऊन एकेक बोर्ड बघायला लागले. आम्हाला त्यांनी बसायलाही सांगितलं नाही. काही बोर्ड डावीकडच्या चित्रात बसले, काही उजवीकडच्या. वरच्या चित्रात फार थोडे. पण टेबलावरचे बहुतेक बोर्ड, ज्यांच्यावर माझी आणि साडूंची, दोघांचीही परत पाठवल्याची खूण होती, ते मधल्या चित्रात जाऊन बसले. चालेल.

मॅनेजरांनी पुन्हा एकदा पडताळून पाहिलं. मग तिला विचारलं, "हे असे वेगवेगळे का करतेस?"

तिनं जाड जोडांवर बोट ठेवलं. "हे अण्णासाठी." बारीकवर ठेवलं. "हे भाऊजींसाठी."

"आणि हे मधले?"

तिनं मधल्यांवरूनही बोट फिरवलं. "भोंगा व्हायला आला, की ट्रे कुणाच्या हाती पडेल कळत नाही, सर. तेव्हा मी धड जास्त घालत नाही, धड कमी घालत नाही. जमेल तसं घालते."

"आणि ते दोघंही परत पाठवतात?"

"हो, सर."

मॅनेजर हसले असते तर बरं झालं असतं. ते हसले नाहीत. त्यांनी तिच्या कागदावर सही केली, पुस्तक माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "एका आठवड्यात या पानाचे मोठे फोटो करून घ्या. प्रत्येक टेबलासमोर एक लावा." मग थांबून, "तुमच्या दोघांच्या टेबलासमोर दोन दोन."

परतीच्या बसमध्ये धाकटी खिडकीशी होती. मी शेजारी जाऊन बसलो. पाठीमागे साडू. काहीतरी बोलायला हवं, म्हणून मी म्हणालो, "कायम झालीस बघ."

"सरी," ती म्हणाली. कन्नडमधलं 'बरं'.

"आनंद नाही झाला?"

"झाला की. पण अण्णा, इतके महिने मी रोज रडकुंडीला यायचे, ते 'चालेल' एवढ्यासाठी? आता बोलू नकोस रे. झोप आलीय." आणि यशवंतपूर यायच्या आत ती खरंच झोपली, डोकं खिडकीच्या गजावर आपटत होतं तरी.

पाठीमागून साडू पुढे वाकले आणि हळूच म्हणाले, "वरच्या चित्रातला जोड माझ्याच बाजूला जास्त झुकतो, असं नाही वाटत तुम्हाला?" मी जांभई दिली आणि डोळे मिटून घेतले.

त्या रविवारी आम्ही दोन्ही घरं एकत्र जेवलो. बोलायला विषयच नव्हता. अक्कानं कॉफी आणली. साडूंनी माझ्याकडे बघितलं, मी कपाकडे. मी म्हणालो, "चालेल." त्यावर दोघी बहिणी इतक्या हसल्या, की वडिलांनी विचारलं, काय झालं ते मलाही सांगा. सांगायला बसलो आणि निम्म्यावर मलाच डुलकी लागली.

फोटो लागल्यावर मी पहिल्यांदा दुपारच्या पाळीला गेलो. भोंगा झाला. एरवी भोंगा झाला, की धाकटी हातातलं आयर्न तसंच धरून दाराकडे मान वळवायची, आतला इन्स्पेक्टर बदलला की नाही ते बघायला. मी भिंग घेऊन आत शिरलो. तिची मान खालीच होती. एकदा तिनं समोरच्या फोटोकडे बघितलं, मग हातातल्या बोर्डाकडे, आणि पुढचा जोड घेतला. मी तिच्या टेबलाजवळून गेलो तरी तिनं वर बघितलं नाही. मला जरा लागलं, खोटं कशाला बोलू. मग मी माझ्या खुर्चीत जाऊन बसलो, समोरच्या दोन फोटोंकडे बघितलं आणि तिचा भरलेला ट्रे माझ्यापुढे ओढला.