समुद्राची ओटी

मी हैदराबादेत जन्मले, काचीगुड्याला वाढले आणि लग्न होऊन नल्लकुंट्याला आले. भाडं मागायला रिक्षावाल्यालाही लाज वाटावी, एवढाच माझा प्रवास. माहेर आणि सासर, दोन्हीकडची मुळं परभणी-नांदेडकडची, शेतीवाली. आमच्यात समुद्र कुणी पाहिलेला नव्हता आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नव्हतं. माझं मात्र अडलं होतं. मला समुद्र बघायचा होता. का, ते विचारू नका. माणूस ताजमहाल बघायला निघाला की त्याला कुणी कारण विचारत नाही, मग मलाच का?

पण आमच्या घरात बाईला वाटलं म्हणून कुठे जाता येत नाही. लग्न असेल, मयत असेल, कुणाचं बाळंतपण असेल तर बॅग भरायची. नाहीतर नवस. नवस असला की यांच्यासारखा घरकोंबडा माणूसही निमूट तिकीट काढतो. तुळजापूरला गेलो ते नवसानं, माहूरला गेलो तेही नवसानं. लग्नानंतरचा माझा सगळा भूगोल देवांनीच घडवला आहे.

आणि समुद्राचाही एक नवस होता. माझा मुलगा लहानपणी तापानं फणफणला होता, डॉक्टरनंही हात टेकले होते, तेव्हा माझ्या सासूबाईंनी समुद्राची ओटी बोलली होती. शेजारी एक कोकणातली बाई राहायची, तिनं सुचवलं होतं. गंगेची, म्हणजे आमच्या गोदावरीची ओटी भरायची रीत आमच्यात आहेच. नवं पाणी दिसलं की खण, नारळ, तांदूळ, हळदीकुंकू वाहायचं. समुद्र काय, थोरलं पाणी. मुलगा बरा झाला, शिकला, नोकरीला लागला, शहराच्या पश्चिमेला काचेच्या इमारतींत राहायला गेला. नवस राहूनच गेला. दरवर्षी काहीतरी निघायचं. परीक्षा, यांचं ऑफिस, माझं ऑफिस, सासूबाईंचे गुडघे. पण मी निश्चिंत होते. नवस हा नवस असतो, आज ना उद्या फेडावाच लागतो. माझा समुद्र त्या नवसाच्या खुंटीला टांगलेला होता आणि खुंटी पक्की होती.

मी निवृत्त झाले तेव्हा म्हटलं, आता बोलायला हरकत नाही. रात्रीच्या गाडीत बसलं की सकाळी आंध्रच्या किनाऱ्यावर उतरता येतं. सासूबाईंना स्टेशनवर व्हीलचेअर मिळते. यांनी वर्तमानपत्रातून मान वर न करता "बघू" म्हटलं आणि मुलाला फोन लावला. बापलेकांचं काय ठरलं मला कळलं नाही. रविवारी मुलगा आला तो तोडगा घेऊनच.

"आई, इथंच बीच क्लब सुरू झालाय. रिंग रोडच्या पुढं. रेती आहे, लाटा आहेत, सगळं आहे. आजीला रात्रभर गाडीत कशाला परेशान करायचं? नवस तिथंच फेडू. आणि तुला आवडलं तर फॅमिली मेंबरशिपच घेतो, म्हणजे पाहिजे तेव्हा समुद्र! तू फक्त एकदा बघून घे. तूच ठरव."

"तूच ठरव" हे वाक्य आमच्या घरात सगळं ठरल्यावर बोलतात. चांगलं म्हटलं तर समुद्र कायमचा गेला. वाईट म्हटलं तर लेकराचं मन मोडलं, आणि वर "आईला कशाचंच कौतुक नाही" हे आहेच. इकडे आड, तिकडे विहीर. मी म्हटलं, "चला, बघून येऊ."

सुनेला सुट्टी मिळाली नाही, म्हणून आम्ही चौघंच निघालो. गाडी मुलाची, म्हणजे परतायचं कधी तेही त्याच्याच हातात. सासूबाई पुढं बसल्या होत्या. मांडीवर ओटीची पिशवी, तिच्यावर दोन्ही हात. शहर संपलं, मग नव्या इमारती संपल्या, मग खडक लागले. आपल्या हैदराबादचे एकावर एक रचल्यासारखे ते काळे धोंडे. त्यांच्यामध्ये अचानक एक निळी कमान आणि कमानीवर डॉल्फिन.

दारातच अडलो. बाहेरचं खाणं आत न्यायचं नाही, असा तिथला नियम. गार्डनं पिशवी उघडून नारळ आणि तांदूळ बाहेर काढले. "ये खाना नक्को, अम्मा."

"खायला न्हाई रे बाबा, समुंदराला हाय," सासूबाई म्हणाल्या.

गार्डनं मुलाकडं पाहिलं. मुलानं मॅनेजरला बोलावलं. तो फुलाफुलांचा शर्ट घातलेला हसरा तरुण होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि हात जोडले. "पूजा है तो हौ, क्यों नहीं. आपके लिए स्पेशल." मग त्यानं आमच्या प्रत्येकाच्या मनगटावर एक प्लास्टिकची पट्टी चिकटवली. ती बाहेर पडेपर्यंत काढता येत नाही म्हणे. माझी जरा घट्टच बसली. मी बोट घालून सैल करायला गेले तर ती आणखीच रुतली.

आता मला बघायला पाठवलंच होतं, तर मी नीट बघितलं. उगाच नावं ठेवण्यातली मी नाही. रेती पांढरी होती आणि स्वच्छ होती, पण चप्पल काढून जरा पाय रोवला की खाली सिमेंट लागायचं. माड होते. काही खरे, दोऱ्यांनी ताणून बांधलेले, काही प्लास्टिकचे. खऱ्यांपेक्षा प्लास्टिकचे हिरवे होते. गवताच्या छपराखाली गाद्या टाकलेल्या होत्या आणि त्यांवर बसायला वेगळी परवानगी लागत होती. मिरची भजी उत्तम होती. बायकांचं स्वच्छतागृह तर असं की मी दोनदा गेले. खोटं कशाला बोलू?

आणि पाणी. पायऱ्यापायऱ्यांनी खोल होत जाणारा निळ्या रंगाचा मोठा हौद. पलीकडच्या टोकाला उंच भिंत, तिच्यावर आकाश, ढग आणि एक जहाज रंगवलेलं. भिंतीच्या वरून खऱ्या आकाशात बांधकामाची क्रेन डोकावत होती. मध्येच भोंगा वाजला. लोक ओरडत पाण्याकडं धावले. भिंतीमागं गिरणी सुरू झाल्यासारखी मोटर घरघरली आणि लाटा यायला लागल्या. सगळ्या एका मापाच्या, शाळेत ओळीनं उभ्या केलेल्या पोरींसारख्या. थोड्या वेळानं मोटर थांबली, लाटा संपल्या आणि लोक पुन्हा भज्यांकडे वळले.

वाईट असतं तर बरं झालं असतं. नाव मोठं लक्षण खोटं, असं म्हणून मोकळी झाले असते. पण जागा खरंच बरी होती. मुलांना घेऊन यायला, चार तास घालवायला, झकास. फक्त तो समुद्र नव्हता. आणि ही काय तक्रार झाली? हैदराबादेत समुद्र नाही, हे मला काय आज कळलं?

"कैसा लगा, मॅडम? कुछ कमी है तो बोलो," मॅनेजर म्हणाला.

"छान आहे," मी म्हणाले. कुणाकडं गेलं की पाणी पिऊन झाल्याबरोबर "छान आहे" म्हणायचं, हे आमच्या अंगवळणी पडलेलं. ते तोंडातून गेलं आणि यांचा चेहरा खुलला. कितीतरी महिन्यांनी मी त्यांना असं दात दाखवून हसताना पाहिलं. आता कुठं जायला नको, हा तो आनंद होता. मला त्यांचा राग आला. सरळ सांगते, फार राग आला.

पाणी शांत होतं तोवर ओटी भरून घ्यायची असं मुलानं ठरवलं. आम्ही दोघांनी धरून सासूबाईंना काठावर नेलं. त्या खाली वाकल्या, खण पसरला, त्यावर नारळ ठेवला, तांदळाची ओंजळ भरली. आणि थांबल्या. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, दुसऱ्याचं ऑपरेशन झालंय, पण त्याचाही भरवसा नाही. त्यांनी मान वळवून मला शोधलं.

"बाई, ह्यो समुंदर हाय का?"

नातवाला नाही विचारलं, स्वतःच्या मुलालाही नाही. मला विचारलं. भाजी ताजी आहे का, दूध नासलंय का, दारात कोण आलंय, हे त्या इतकी वर्षं मलाच विचारत आल्या आहेत आणि मी सांगितलेलं त्यांनी कधी पडताळून पाहिलं नाही.

सगळे माझ्याकडं बघत होते. मुलानं रजा काढली होती. मॅनेजर हात बांधून उभा होता, हे अजून हसतच होते. मनगटावरची पट्टी टोचत होती. माझ्या डोक्यात एकच होतं, "नाही" म्हण, आत्ता "नाही" म्हण. मग मी सासूबाईंकडे पाहिलं. तांदळाची ओंजळ तशीच धरून त्या वाकलेल्या होत्या. म्हटलं, या बाईला आता रात्रभराची गाडी झेपायची आहे का? नवस डोक्यावर ठेवून जाण्यापेक्षा तो इथं फिटू दे. माझं काय, मी राहिले तर राहिले.

"हो, आत्याबाई," मी म्हणाले. "समुद्रच आहे."

त्यांनी ओंजळ पाण्यावर धरली. तांदूळ वाहिले, हळदीकुंकू वाहिलं, आणि नारळ पाण्यात सोडला. तेवढ्यात भोंगा वाजला. मोटर सुरू झाली आणि आमचा नारळ पहिल्याच लाटेबरोबर उलटा काठावर आला. एक जीवरक्षक शिट्टी फुंकत धावला, "नक्को, नक्को, फिल्टर में जाता!" म्हणत त्यानं नारळ उचलून मुलाच्या हातात दिला. पाण्यावर कुंकवाचा लाल डाग थोडा वेळ हलला आणि जाळीत गेला. मुलगा हसत सुटला. मीही हसले. सासूबाई नाही हसल्या.

परत येताना हे गाडीत म्हणाले, "चला, एका मोठ्या ऋणातून सुटलो." मी खिडकीबाहेर बघत होते. ते खडक आता उलट दिशेनं येत होते. मला रडू येत होतं आणि कारण सांगता आलं नसतं, म्हणून मी रडले नाही.

पुढच्या आठवड्यातली गोष्ट. दुपारी आम्ही दोघी अंबाडी खुडत बसलो होतो. हे बाहेरच्या खोलीत वाचत होते. सासूबाई पानं हातानं चाचपून खुडतात, देठ एकीकडे, पानं एकीकडे, कधी चुकत नाहीत. खुडता खुडता म्हणाल्या, "त्या पाण्याला औषधाचा वास येत हुता."

माझा हात थांबला. "कोणत्या पाण्याला?"

"त्याच. टाकीत टाकतेत ते औषध. आन् समुंदर गप बसतो व्हय गं? भोंगा वाजल्यावर उठतो व्हय? मला दिसत न्हाई, ऐकू तर येतंय."

"मग तुम्ही ओटी का भरलीत?"

"तू व्हय म्हणलीस ना." त्यांनी एक देठ उचलून बाजूला टाकला. "मी म्हणलं, हिला न्हाई जायचं. म्हातारीला कुठं कुठं वागवत न्यावं बिचारीनं, लई केलं आजवर. मी म्हणलं, सोडवावं हिला."

मी हातातली अंबाडी खाली ठेवली. "पण तुमचा नवस होता. इतकी वर्षं तुम्ही एकदाही फेडायचं काढलं नाही."

"फेडला असता तर मंग कोण नेलं असतं मला? येकदाच तर मिळणार हुतं. ठिवला हुता." मग हळू आवाजात, चोरी सांगावी तशा म्हणाल्या, "मला लई बघायचा हुता गं. ऐकायचा तरी."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. एकाच खुंटीला आम्ही दोघींनी आपापली पिशवी टांगून ठेवली होती, आणि एकमेकींना सोडवायच्या नादात ती खुंटीच उपटून टाकली होती. इतकी वर्षं एका चुलीवर स्वयंपाक केला आम्ही. साडीचा रंग, मिठाचं माप, कुणाच्या दुखण्याची कळ, सगळं न बोलता कळायचं. हेच कळलं नाही. मला त्यांची दया आली, माझी आली, आणि मग दोन्हीची चीड आली.

मी उठले. हाताला अंबाडीचा चीक तसाच. बाहेरच्या खोलीत जाऊन म्हणाले, "अहो, आम्हाला समुद्रावर जायचंय. मला आणि आत्याबाईंना. खऱ्या."

यांनी वर्तमानपत्र खाली केलं. "आता कशाला? नवस फिटला की."

या "कशाला"चं उत्तर माझ्याकडं इतकी वर्षं तयार होतं. आता नव्हतं. हौदावर जाऊन ते मीच बुडवून आले होते. मुलगा आजारी नव्हता, देव रागावणार नव्हता, कुणाचं लग्न नव्हतं. साठीला आलेली, पेन्शन घेणारी बाई मी, आणि नवऱ्यासमोर चोरी पकडल्यासारखी उभी होते.

"मला हवंय म्हणून," मी म्हणाले. "दुसरं काही कारण नाही."

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी काहीतरी अचकट-विचकट बोलले होते. मग पान उलटलं. "बघू."

आमच्या घरात "बघू" म्हणजे नाही, आणि ते ऐकलं की मी आत जाते. चहा टाकते, किंवा कपडे काढून आणते, काहीतरी करते. त्या दिवशी मी गेले नाही. तिथंच उभी राहिले. यांनी पुन्हा पान उलटलं, मग पहिलंच पान परत काढलं. आतून काठीचा आवाज यायला लागला. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीपर्यंत यायला सासूबाईंना बराच वेळ लागतो. त्या आल्या, भिंत चाचपली, माझा दंड सापडल्यावर तो धरला आणि माझ्या शेजारी उभ्या राहिल्या.