गॅरेजसाठी स्कॅनर

डोंबिवलीतल्या आमच्या गॅरेजमध्ये गाड्या नवरा दुरुस्त करतो, बाकीचं मी बघते. नव्या गाड्या यायला लागल्या तशी पंचाईत झाली. त्यांचे दोष वाचायला स्कॅनर लागतो आणि आमच्याकडे तो नव्हता. मग गाडी खोपटच्या एका ओळखीच्या गॅरेजला पाठवायची, आणि गिऱ्हाईक तिकडेच रमायचं. शेवटी स्कॅनर घ्यायचं ठरवलं. परवडणार होता एकच, त्यामुळे चुकून चालणार नव्हतं.

नवऱ्याने पाहताक्षणी एका विक्रेत्याने आणलेला टॅब्लेटसारखा स्कॅनर पसंत केला. मोठा स्क्रीन, जगभरच्या गाड्यांची चिन्हं. एका परदेशी स्पोर्ट्स कारच्या चिन्हावरून तो इतक्या मायेने बोट फिरवत होता की मी विचारलं, "ही आपल्याकडे कधी आली होती?"

"येईल की."

"आपल्या गल्लीत वळेल का?"

यावर तो विक्रेत्याशी बॅटरीबद्दल बोलायला लागला.

दुसऱ्या विक्रेत्याने लॅपटॉपवर चालणारं सॉफ्टवेअर आणलं. दिसायला रुक्ष, नुसत्या आकड्यांच्या रांगा. नवरा त्याला चहा पाजून वाटेला लावणार होता. मी म्हटलं, थांबा. आपल्याकडे येते तसली गाडी आणू, दोघा विक्रेत्यांनी आपापला स्कॅनर तिच्यावर चालवून दाखवायचा.

घोडबंदर रोडला राहणाऱ्या नणंदेला बोलावलं. तिची गाडी सीएनजीची, डॅशबोर्डवरचा इंजिनचा दिवा कित्येक दिवस पेटलेला. दिव्यावर तिने देवीचं स्टिकर लावलं होतं. "सारखा डोळ्यात जायचा गं वहिनी."

टॅब्लेटने लगेच सांगितलं, इंधनाचं मिश्रण बिघडलंय. का, ते नाही. चालू इंजिनचे आकडे या मॉडेलसाठी त्यात दिसतच नव्हते. "सेन्सर बदलून टाका," विक्रेता म्हणाला. लॅपटॉपवाल्याने गाडी आधी सीएनजीवर चालवली. आकडे ठीक. पेट्रोलवर घेतली आणि आकडे बिनसले.

नवरा लॅपटॉपवर वाकला, मग बहिणीकडे वळला. "पेट्रोल शेवटचं कधी भरलंस?"

"दादा, गाडी सीएनजीची आहे ना. पेट्रोल कशाला भरू?"

"सुरू पेट्रोलवर होते ती."

"होतेय की. मग भरायचं कशाला?"

टाकीत जेमतेम ओल होती. पेट्रोल खेचणारा पंप कोरडा चालून चालून थकलेला. नवऱ्याने टॅब्लेट फडक्याने पुसला, स्वतःच्या हाताने खोक्यात ठेवला आणि विक्रेत्याला परत दिला. लॅपटॉपवालं पक्कं झालं.

पंप बदलून गेल्यावर नणंदेने सोसायटीच्या ग्रुपवर कळवलं की दादाकडे आता स्कॅनर आहे. आठवड्याभरात तिकडच्या दोन गाड्या आल्या. दोन्ही सीएनजीच्या, दोन्हींचा दिवा पेटलेला. नवऱ्याने नुसता दिवा पाहून पेट्रोलचं विचारायला तोंड उघडलं.

मी हळूच म्हटलं, "आधी लॅपटॉप जोडा. नाहीतर गाडीवाले म्हणतील, स्कॅनरसाठी इथवर आलो, एवढं तर जवळच्या खोपटलाही सांगितलं असतं."