पंख्याचं बटण

आमच्या गाडीचं छत उघडतं. वसमतमध्ये अशा गाड्या आता बऱ्याच आल्यात, पण पप्पांनी ती आणली तेव्हा गल्लीतली लेकरं नुसतं छत बघायला यायची. गाडी जर्मन, काळी, माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. हैदराबादच्या एका हळद व्यापाऱ्याच्या अंगणात ती दोन वर्षं झाडाखाली उभी होती. त्याला जागा मोकळी करायची होती आणि पप्पांना आयुष्यात एकदा अशा गाडीच्या स्टिअरिंगमागे बसायचं होतं. पप्पा हळद शिजवायचे कुकर आणि पॉलिशचे ड्रम दुरुस्त करतात. गाडी घेणं त्यांना कसंबसं जमलं. ती सांभाळणं हे वेगळं प्रकरण आहे, हे शोरूमवाल्यांनी नुसत्या तपासणीचा आकडा सांगितला तेव्हा कळलं. मम्मी म्हणाली, "तेवढ्यात म्हैस येती. ती दूध तरी देती."

म्हणून गाडी घरीच दुरुस्त व्हायची, पत्र्याच्या शेडमध्ये, कुकरांच्या शेजारी. पाणी गळायच्या जागी पप्पा कुकरच्याच गॅस्केटचा तुकडा कात्रीनं कापून बसवायचे. जे अगदीच बनवता येत नसे ते जुन्या बाजारातून ट्रॅव्हल्सच्या डिकीत पार्सल होऊन यायचं. आणि हाताखाली असायची माझी धाकटी बहीण.

मी केजीपासून इंग्लिश मीडियमला. दोघींची फी झेपणार नव्हती, म्हणून धाकटी जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली. ती त्यांना आबा म्हणते, मी पप्पा म्हणते. ते तिला 'गड्या' म्हणतात आणि मला 'ताई'. लहानपणी मला वाटायचं की ताई म्हणजे जास्त मान. नंतर शेडच्या दारात उभं राहून त्या दोघांचं बोलणं ऐकताना कळलं की मान लांबच्या माणसाला देतात.

"गड्या, बाराचा पाना आन."

"हे घ्या. आन् चश्मा लावा, आबा, न्हाईतर त्याच्या जागी बोटच आवळताल."

"लई बोलून राहिली तू. टॉर्च वर धर."

माझं काम वेगळं होतं. गाडीचं जाडजूड पुस्तक फोनवर इंग्रजीत होतं. त्यातलं शोधून, मराठीत करून मी दारातून वाचून दाखवायची. पप्पा मान हलवायचे, "बराबर" म्हणायचे आणि परत बॉनेटखाली वाकायचे. एकदा मी मुद्दाम जुना ड्रेस घालून आत गेले आणि एक नट हातात धरला. पप्पांनी तो काढून घेतला, स्वच्छ फडक्यानं माझी बोटं एकेक करून पुसली आणि म्हणाले, "तू कशाला, ताई. डाग जात न्हाईत ह्याचे." धाकटीच्या नखांत तेच काळं ग्रीस होतं. रात्री जेवताना मी तिच्या नखांकडे बघत बसायची.

मागच्या उन्हाळ्यात इंजिन थंड ठेवणारा रेडिएटरचा पंखा आपोआप फिरायचा बंद झाला. तो भाग सुटा मिळत नाही, अख्खा संचच घ्यावा लागतो, हे मीच पुस्तकातून वाचून सांगितलं. पप्पांनी किंमत ऐकली आणि पंख्याला थेट वायर ओढली. पॉलिशच्या ड्रमचं, दाबलं की आत दिवा लागणारं एक लाल बटण स्टिअरिंगशेजारी बसवलं. बॅटरी कमजोर, त्यामुळे पंखा चालू ठेवून गाडी सुरू होत नसे. आधी चावी, गाडी सुरू झाली की मग बटण. गाडी बंद करताना बटणही बंद. पप्पांनी हे धाकटीकडून चार वेळा म्हणवून घेतलं. मला कुणी म्हणायला सांगितलं नाही. माझ्याकडे लायसन्स तिच्या आधीपासून होतं.

मग कुरुंद्याला पप्पांच्या चुलतभावाच्या मुलाचं लग्न निघालं. लग्नाआधी नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला जातो, तो परण्या. पूर्वी त्याला घोडा लागायचा. आता प्रत्येकाला गाडीच्या छतातून वर उभं राहायचं असतं, आणि भावकीत असं छत आमच्याकडेच. नाही म्हणणं पप्पांना जमत नाही. ते मांडवात अडकले होते. त्यांनी खिशातून चावी काढली. मी शेजारीच उभी होते. चावी माझ्यासमोरून धाकटीच्या हातात गेली.

"हळू घे, गड्या. आन् गरमीच्या काट्यावर नजर ठेव."

मी मागच्या सीटवर, मांडीवर नारळाचं ताट. नवरदेव पुढच्या दोन सीटांच्या मधे उभा, कमरेपासून वर छताबाहेर. मला त्याच्या सलवारीच्या दोन पायांमधून गाडीचे काटे आणि ते लाल बटण दिसत होतं. गाडी माणसाच्या चालीनं सरकत होती. दर चार घरांना बाया ओवाळायला यायच्या, बँड थांबायचा, धाकटी गाडी बंद करायची. परत चावी, परत बटण. दोन वेळा तिनं बराबर केलं.

तिसऱ्या वेळी तिनं चावी फिरवली आणि एक म्हातारी खिडकीत वाकली.

"कोनाची गं तू? एवढी मोठी गाडी हाकून राहिली."

"तुमालाबी बसायचं का, आजी? बसा. नवरदेवाला खाली उतरवते."

बाया हसल्या. दुसरी कुणी म्हणाली, "पोरगाच हाय तो बापाचा."

"आन् ही मागची?"

"ती थोरली. इंग्रजी शिकल्याली. बोलत न्हाई."

गाडी पुढे सरकली. लाल बटणातला दिवा लागलेला नव्हता.

ते मला लगेच दिसलं. गरमीचा काटा मधे होता, मग मधल्या रेघेच्या थोडा पुढे गेला. बँडचं एक अख्खं गाणं वाजून संपलं. 'पंखा' एवढाच शब्द होता. मी स्वतःला सांगत होते की तिला दिसेलच, तिलाच तर चावी दिली आहे. काटा लाल भागात शिरला तेव्हाही मी ताटातला नारळ नीट करत होते. गाडी बिघडावी असं मला वाटत नव्हतं. तिचं एकदा चुकलेलं पप्पांना दिसावं, एवढं मात्र मला हवं होतं.

बॉनेटमधून वाफ निघाली. बँडवाले बाजूला पळाले. "हळद शिजाया लागली का काय गं?" कुणीतरी ओरडलं आणि सगळा परण्या हसला. नवरदेव छतातून उतरला आणि पायीच मारुतीला गेला.

पप्पा धावत आले. इंजिन निवल्यावर त्यांनी ऑइलची पट्टी ओढून पाहिली. ऑइल चहासारखं झालं होतं, म्हणजे पाणी आत गेलं होतं.

"बटन दाबलं व्हतं का?"

"दाबलं व्हतं, आबा." मग ती थांबली. "दाबलं व्हतं वाटतंय."

ते रागावले नाहीत. त्यांनी नुसती चावी तिच्या हातातून घेतली. गाडी ट्रॅक्टरला बांधून वसमतला आणली. मम्मीनं भंगारवाल्याला बोलवायचं ठरवलं आणि पप्पांनी इंजिनचं हेड स्वतः खोलायचं. मात्र त्यांनी धाकटीला हाक मारली नाही. ती शेडकडे पाठ करून भांडी घासत बसायची. तिसऱ्या दिवशी ते दारात आले आणि म्हणाले, "ताई, जरा टॉर्च धरती का?"

मला जे हवं होतं ते असं मिळालं. मी जुना ड्रेस घालून गेले. पप्पा नट काढत होते, मी पुस्तकातला क्रम सांगत होते. त्यांनी बाराचा पाना मागितला. मी दिला तो तेराचा होता. त्यांनी तो नटाला लावून पाहिला, काही न बोलता खाली ठेवला आणि वाकून बाराचा स्वतःच घेतला. धाकटीला त्यांनी दोन शब्द सुनावले असते. तिनं उलट चार सुनावले असते. मी वाट पाहिली. शेडमध्ये फक्त पान्याचा आवाज येत होता.

"पप्पा, मला दिसलं होतं. बटण बंद होतं. काटा वर जाताना मी बघत होते."

त्यांनी पाना खाली ठेवला. मग त्यांनी फडकं घेतलं आणि या वेळी स्वतःचीच बोटं पुसली.

"तिला बोलव," ते म्हणाले.

मागच्या दारी जाऊन मी धाकटीला सगळं सांगितलं. ती हातातली कढई घासतच होती.

"मंग म्हनली काहून न्हाईस?"

मी घासलेली भांडी उचलून पालथी घालायला लागले.

"आबानं एवढं शिकवलं तुला, आन् 'फॅन' म्हनता आलं न्हाई?" तिनं कढई माझ्या हातात दिली आणि ओल्या हातांनीच शेडकडे गेली.

मी कढई घासली. मग शेडमधून पप्पांचा आवाज आला, "टॉर्च वर धर, गड्या. तोंडावर नको मारू." ती काहीतरी म्हणाली आणि ते हसले. थोड्या वेळानं तिनंच मला हाक मारली, "अक्का, हेडचे बोल्ट किती आवळायचे, बघ तुझ्या पुस्तकात."

मी हात पुसले, फोन काढला आणि दारातून आकडा वाचून दाखवला.